मेक्सिकोत बोटीवर राहणं आणि आतला मुलूख पाहणं: आधी बोटीचं ठिकाण, मग प्रवास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटी सॅन दिएगोहून 38 फुटी शिडाची बोट घेऊन तुम्ही दोघं मेक्सिकोकडे निघणार आहात आणि वर्षभर बोटीवरच राहणार आहात. मधूनमधून बोट सोडून कॉपर कॅन्यनची रेल्वे, ग्वानाहुआतो, वाहाका, मोनार्क फुलपाखरं आणि राखाडी देवमासे पाहायचे आहेत. जानेवारीत पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. कुठून, कधी, कसं जावं आणि तेवढ्या काळात बोटीचं काय करावं?

माझा नवरा आणि मी बरेच हिवाळे त्या किनाऱ्यावर काढले आहेत, उन्हाळ्यात बोट जमिनीवर चढवून आतला मुलूखही पुष्कळ फिरलो आहोत. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते. तुम्ही यादी प्रेक्षणीय स्थळांची केली आहे आणि बंदरं त्यांना जोडली आहेत. बोटीवर राहणाऱ्याने याच्या उलट चालायचं असतं. कोणत्या महिन्यात बोट कोणत्या बंदरात निर्धास्त राहील हे आधी ठरवा. मग त्या बंदरातून त्या महिन्यात जे नीट पाहता येईल, तेवढंच यादीत ठेवा. बोटीची काळजी डोक्यात घेऊन डोंगरात गेलेला माणूस रोज संध्याकाळी फोनवर वाऱ्याचा अंदाज बघत बसतो. तसा प्रवास करण्यात काही अर्थ नाही.

आधी वर्षाचा सांगाडा बघू. पूर्व पॅसिफिकमधला चक्रीवादळांचा हंगाम 15 मे ते 30 नोव्हेंबर असा धरतात. किनाऱ्यालगतची घातक वादळं बहुतेक ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येतात, आणि ऑक्टोबरला कुणी कमी लेखू नये. 2014 च्या सप्टेंबरमध्ये ओडिल वादळ लोस काबोसवर आदळून वर ला पाझपर्यंत गेलं. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये पॅट्रिशियाचा वारा समुद्रावर ताशी 345 किलोमीटरपर्यंत पोचला होता. 25 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे ओटिस अकापुल्कोवर आलं, तेव्हा ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं होतं. आदल्या सकाळपर्यंत तेच वादळ साधं उष्णकटिबंधीय वादळ म्हणून नोंदलेलं होतं. त्या उपसागरातल्या कितीतरी बोटी बुडाल्या आणि बोटी सांभाळायला थांबलेले खलाशी मेले. ‘वादळ येताना दिसलं की निघू’ हा बेत इथे चालत नाही, कारण कधीकधी निघायला एक दिवसही मिळत नाही.

म्हणून आजच विम्याची पॉलिसी काढून दोन गोष्टी शोधा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोणत्या अक्षांशाच्या दक्षिणेला बोट असली तर वादळाचं नुकसान भरून मिळणार नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये ही मुदत 1 नोव्हेंबरच्या आसपास संपते. म्हणूनच सॅन दिएगोहून निघणारा मोठा ताफा ऑक्टोबरच्या शेवटी निघून नोव्हेंबरच्या सुरुवातीला काबो सान लुकासला पोचतो. अंतर सुमारे 750 सागरी मैल. बहिया तोर्तुगास आणि बहिया सांता मारिया हे वाटेतले दोन चांगले मुक्काम. तुमचा निघायचा महिना बरोबर आहे.

काबोत फार रेंगाळू नका. तिथला नांगर टाकायचा उपसागर उघडा आहे आणि मरीना, म्हणजे भाडं भरून बोट धक्क्याला बांधायची जागा, महाग. दीडशे मैलांवर ला पाझ आहे, बोटीवर राहणाऱ्यांचं खरं गाव. सामान, सुटे भाग, शिवणकाम, रंगकाम करणारे कारागीर सगळे तिथे भेटतात. रोज सकाळी व्हीएचएफ रेडिओवर बोटवाल्यांची बैठक भरते, तिथे नवख्या माणसाच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर मिळतं. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा तिथे राहा, जवळच्या एस्पिरितु सांतो बेटावर पोहा, बोट ठाकठीक करा. या काळात आतला मोठा प्रवास काढू नका. नवीन पाणी, नवीन वारे, बोटीची न उमगलेली दुखणी हे सगळं याच महिन्यात समोर येतं.

हिवाळ्यातला वारा समजून घेतल्याशिवाय पुढचं काही ठरवता येणार नाही. अमेरिकेत नेवाडा-युटाच्या पठारावर हवेचा जास्त दाब तयार झाला की कोर्तेझच्या समुद्रात, म्हणजे बाहा कॅलिफोर्नियाचं द्वीपकल्प आणि मुख्य मेक्सिको यांच्यामधल्या आखातात, उत्तरेचा वारा सुटतो. त्याला तिथे नॉर्ते म्हणतात. एकदा सुटला की दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त टिकतो. 25 ते 30 नॉटचा वारा लांबट समुद्रातून सरळ खाली येतो, लाटा आखूड आणि उभ्या असतात. अशा वेळी उत्तरेला उघड्या असलेल्या नांगरावर बोट एकटी सोडून जाणं मला कधीच मान्य झालेलं नाही. ला पाझच्या समोरच्या पाण्यात आणखी एक प्रकार आहे. भरती-ओहोटीचा ओढा एकीकडे आणि वारा दुसरीकडे असला की नांगरावरच्या बोटी आपापल्या तऱ्हेने गोल फिरतात, साखळ्या गुंतवून घेतात आणि एकमेकींना लागतात. तुमचा नांगर उत्तम धरलेला असला तरी शेजारच्याचा धरला आहे की नाही, हे तुमच्या हातात नसतं.

माझा नियम सोपा आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल आणि अंदाज शांत असेल तर नांगरावर बोट ठेवायला हरकत नाही. एक रात्र जरी बाहेर काढायची असेल तर मरीना, किंवा ओळखीचा जाणकार माणूस बोटीवर झोपायला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर मरीना आणि शिवाय पगारी देखरेख. बहुतेक बंदरांत बोटी सांभाळणारी माणसं असतात. त्यांची माहिती रेडिओवर विचारा, पण काम देण्याआधी ते सध्या सांभाळत असलेल्या दोन-तीन बोटी स्वतः जाऊन बघा. दोरखंड घासू नयेत म्हणून नळ्या बसवल्या आहेत का, ताडपत्र्या बांधलेल्या आहेत का, डेकवर पक्ष्यांची घाण किती दिवसांची आहे, हे पाहिलं की माणूस कळतो. मरीनाचा महिन्याचा दर रोजच्या दराच्या हिशेबाने बराच स्वस्त पडतो, म्हणून लहान लहान चार प्रवासांपेक्षा एका महिन्याचं भाडं भरून त्यात दोन प्रवास बसवणं परवडतं. जानेवारी-फेब्रुवारीतल्या जागेसाठी आत्ताच लिहा.

बोट सोडताना काय काय करायचं याचा कागद करून तो चार्ट टेबलाच्या झाकणावर चिकटवा. सगळे सी-कॉक (बोटीच्या तळातल्या पाण्याच्या तोट्या) बंद, फक्त डेकचं पाणी बाहेर नेणारे उघडे. शौचालयाच्या नळ्यांतून गोडं पाणी फिरवायचं, नाहीतर परत आल्यावर वासाने आत पाऊल टाकवत नाही. फ्रिज रिकामा करून, पुसून, झाकण फटीएवढं उघडं. बिल्ज पंपाचा (तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) आपोआप चालणारा स्विच हाताने उचलून तपासायचा. गॅसची टाकी बंद. जिब या पुढच्या शिडाला गुंडाळीवरून वरपासून खालपर्यंत दोरीचे वेढे, कारण नॉर्तेमध्ये गुंडाळलेलं शीड सुटून फाटतं आणि बोटीलाही हादरे देतं. धक्क्याच्या दोऱ्या दुहेरी. डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी, पाण्यात ठेवायची नाही, मोटर काढून कुलूपबंद. एरवी रोज रात्रीसुद्धा डिंगी उचलून टांगायची सवय लावून घ्या, या किनाऱ्यावर चोरीला जाणारी वस्तू म्हणजे डिंगीची मोटर. आणि पुठ्ठ्याची खोकी बोटीवर कधीच आणू नका. त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात.

आता तुमच्या यादीकडे येते.

डिसेंबरच्या मध्यावर नॉर्ते जरा थांबला की ला पाझहून माझातलानला जा, अंतर साधारण 230-240 मैल, दोन रात्रींचा प्रवास. तिथून पुढे इस्ला इसाबेल हे पक्ष्यांचं बेट लागतं. हवा शांत असेल तरच तिथे थांबा, नांगराला तळ खडकाळ आहे. मग बांदेरास उपसागर. पुएर्तो वायार्ता आणि ला क्रूझ दे वानाकाख्तले ही दोन्ही गावं याच उपसागरात येतात. जानेवारी-फेब्रुवारी तुमचा तळ इथेच असू द्या.

आई-बाबांसाठी यापेक्षा योग्य जागा नाही. विमानतळ अर्ध्या-पाऊण तासावर, तरंगते धक्के, गरम पाण्याच्या मोऱ्या, पाणी बऱ्यापैकी शांत. या उपसागरात सकाळी वारा नसतो आणि दुपारी समुद्रावरून नियमाने सुटतो. आई-बाबांना सकाळी साडेनऊ-दहाला घेऊन निघालात तर डिसेंबर ते मार्च इथे राहणारे कुबड देवमासे दिसण्याची चांगली आशा असते, आणि वारा वाढायच्या आत परत येता येतं. त्यांना बोटीवर झोपवायचा आग्रह मात्र धरू नका. रात्री उठून शिडी चढणं, हातपंपाचं शौचालय, डिंगीत उतरताना गुडघ्यावर येणारा भार, हे सत्तरीच्या माणसांना सोपं नसतं. मरीनाजवळ तळमजल्यावर एक खोली भाड्याने घ्या आणि दिवस बोटीवर काढा. आणखी एक, त्यांची तिकिटं काढताना जागा आणि तारीख दोन्ही पक्क्या हव्या असतील तर बोट किमान आठवडाभर आधी ला क्रूझच्या धक्क्याला लागलेली असली पाहिजे. एरवी पाहुण्यांना एकतर जागा सांगावी नाहीतर तारीख. पाहुण्यांच्या विमानाची वेळ गाठायला खराब हवेत निघणं हे या किनाऱ्यावरच्या अपघातांचं अगदी ओळखीचं कारण आहे.

व्हिसाबद्दल: भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकी व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आई-बाबांचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा शिल्लक असेल तर काम सोपं आहे. तरी तिकीट काढण्याआधी मेक्सिकोच्या दूतावासाच्या पानावर एकदा खात्री करून घ्या, आणि परतीचं तिकीट व तुमच्या बोटीचा पत्ता म्हणून मरीनाचं पत्र त्यांच्या हातात द्या.

त्यांच्या जेवणाची काळजी करत असाल तर निम्मी सोडा. बाजारात मका, काळा घेवडा, काबुली चणे, तांदूळ, कोथिंबीर, मिरच्या, चिंच, पेरू, पपई, चिकू, सगळं मिळतं. सिनालोआ तर काबुली चण्यांसाठीच ओळखला जातो. लाल अंबाडीच्या फुलांचं थंड सरबत घरोघरी असतं. राजगिऱ्याच्या लाह्यांची मधातली वडी तिथे आलेग्रिया म्हणून विकतात. आपल्या उपासाच्या चिक्कीचीच बहीण ती, आई एका घासात ओळखतील. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला मात्र सॅन दिएगोहून भरून न्या. शाकाहारी माणसाने दोन गोष्टी विचारायलाच हव्यात: घेवडा डुकराच्या चरबीत परतला आहे का, आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवला आहे का. दोन्ही फार सर्रास चालतं आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. बोटीवर प्रेशर कुकर हवाच. पाणी हललं तरी झाकण उडत नाही आणि गॅस वाचतो.

आई-बाबांसोबत एक दिवस सान सेबास्तियान देल ओएस्तेला जा. वायार्ताहून डोंगरात दीड-दोन तासांवरचं चांदीच्या खाणींचं जुनं गाव, उंची सुमारे 1400 मीटर. दगडी गल्ल्या, पाइनची झाडं, थंड हवा. सकाळी जाऊन रात्री बोटीवर परत.

फुलपाखरांचा प्रवास आई-बाबा परतल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात करा. मोनार्क फुलपाखरं नोव्हेंबर ते मार्च मध्य मेक्सिकोतल्या ओयामेल फरच्या जंगलात असतात. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी सर्वांत चांगला, कारण ऊन वाढायला लागतं आणि झाडांना लगडलेले घोस मोकळे होऊन उडतात. ढगाळ दिवशी ती झाडावर तशीच बसून राहतात, म्हणून एक दिवस हाताशी जादा ठेवा आणि वर पोचायची वेळ सकाळी अकराच्या पुढे धरा. बहुतेक लोक मिचोआकानमधल्या एल रोसारिओला जातात. पण मिचोआकान राज्य अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इशाऱ्यांत बरीच वर्षं सर्वांत वरच्या पातळीवर आहे. म्हणून मी तुम्हाला मेक्सिको राज्यातल्या वाये दे ब्रावोजवळचं पिएद्रा एरादा सुचवेन. वायार्ताहून विमानाने मेक्सिको सिटी, तिथून पश्चिमेच्या बस टर्मिनलवरून वाये दे ब्रावोची बस. बसने सगळा प्रवास करायचा म्हटलं तर ग्वादालाहारा-मोरेलियामार्गे जाण्या-येण्यातच चार दिवस जातात, आणि बोट मरीनात असली तरी नॉर्तेच्या महिन्यात मला तेवढे दिवस वाटेत घालवणं पटत नाही. समुद्रसपाटीवरून एकदम 3000 मीटरवर गेल्यावर दम लागतो, डोकं दुखतं. एक रात्र मेक्सिको सिटीत काढा, पाणी भरपूर प्या. वर जायला घोडे मिळतात. गरम कपडे न्यायला विसरू नका, बोटीवर राहणाऱ्यांच्या कपाटात ते नसतात.

राखाडी देवमाशांबद्दल तुम्ही विचारलंय की बोट घेऊनच सान इग्नासिओच्या खाजणात जाता येईल का. नाही. हंगामात स्वतःची बोट किंवा डिंगी घेऊन त्यांच्याजवळ जाण्याची परवानगी नाही, परवानाधारक पांगातूनच (तिथल्या मोटरच्या उघड्या होडीतूनच) जावं लागतं आणि ते योग्यच आहे. अलास्कापलीकडच्या थंड समुद्रातून हे प्राणी पिल्लं घालायला बाहाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या तीन खाजणांत येतात: ओहो दे लिएब्रे, सान इग्नासिओ आणि माग्दालेना उपसागर. जानेवारी ते मार्च हा हंगाम. मार्चमध्ये पिल्लं मोठी झालेली असतात आणि माया त्यांना घेऊन आपण होऊन पांगाजवळ येतात. एकदा डोळ्यांदेखत एवढं मोठं जनावर होडीला न धक्का लावता खालून सरकलं की माणूस बराच वेळ काही बोलत नाही. तुमच्या यादीतली एकच गोष्ट ठेवता येणार असेल तर ही ठेवा.

त्यासाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात बांदेरास सोडून माझातलानमार्गे परत ला पाझकडे या. हा टप्पा वाऱ्याच्या तोंडावर आहे, म्हणून नॉर्ते संपल्यावर दोन-तीन शांत दिवसांची फट मिळेपर्यंत माझातलानला थांबायची तयारी ठेवा. ला पाझहून वर लोरेतोच्या दक्षिणेला पुएर्तो एस्कोंदिदो आहे. वाहाका राज्यात याच नावाचं दुसरं गाव आहे, बसचं तिकीट काढताना गोंधळ होतो. हे बंदर चहूबाजूंनी जवळजवळ मिटलेलं आहे, आणि बोट सोडून जायला या समुद्रात मला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं ठिकाण माहीत नाही. तिथे बांधून ठेवायच्या बोया भाड्याने मिळतात. गाडी घेऊन पहाटे निघालात तर अडीच-तीन तासांत माग्दालेना उपसागरावरच्या पुएर्तो अदोल्फो लोपेस मातेओसला पोचता, पांगातून देवमासे पाहून त्याच संध्याकाळी परत. सान इग्नासिओला जायचं तर दोन रात्री लागतील, पण खजुराच्या झाडांतलं ते गाव आणि अठराव्या शतकातलं दगडी चर्च त्या रात्रींचं सोनं करतं. सिएरा दे सान फ्रान्सिस्कोतली हजारो वर्षांपूर्वीची गुहाचित्रंही तिथूनच पाहायला जातात. त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या लागतो, दोन्हीची व्यवस्था गावातच होते.

लोरेतोत असताना सान हाविएर चुकवू नका. लोरेतोचं मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांचं ठाणं, 1697 चं, दोन्ही कॅलिफोर्नियांतलं पहिलं. तिथून डोंगरात 36 किलोमीटरवर सान हाविएर, 1699 मध्ये स्थापलेलं. आजची दगडी वास्तू 1758 मध्ये पुरी झाली. मागच्या बागेत वेडावाकडा म्हातारा ऑलिव्ह आहे, पाण्याचे जुने पाट अजून वाहतात. अर्ध्या दिवसाचं काम.

एप्रिल ते जून हा कोर्तेझच्या समुद्राचा सर्वांत सुंदर काळ. तेव्हा आत कुठे जाऊ नका. पाणी ऊबदार होतं, नॉर्ते संपतात, इस्ला कार्मेन, इस्ला दान्सान्ते, बहिया कोन्सेप्सिओन अशी बेटं आणि खाड्या एकेक आठवडा मागतात. बोटीवर राहायला आलात ते याचसाठी.

जूनच्या शेवटी बोट पाण्याबाहेर काढायची. सोनोरा किनाऱ्यावर ग्वायमास आणि सान कार्लोसला, किंवा अगदी उत्तरेला पुएर्तो पेन्यास्कोला बोटी जमिनीवर ठेवायचे मोठे यार्ड आहेत. सान कार्लोस नावाचं गाव बाहाच्या बाजूलाही आहे, तुम्हाला सोनोरातलं हवं. शिडं आणि बिमिनी, स्प्रेहूड ही कापडी छतं सगळं उतरवून आत ठेवा. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीपार जातो आणि बंद बोटीत त्याहून बराच जास्त. खिडक्यांना आतून चकचकीत इन्सुलेशन लावा, विंचवर कापड बांधा, औषधं-गोंद-मेणबत्त्या काढून घ्या. वाळवंटी हवेत आतलं लाकूड तडकतं, म्हणून तिथले जुने लोक केबिनमध्ये पाण्याच्या बादल्या भरून ठेवतात. बोट उभी करताना टेकूंना आपसात साखळ्या बांधल्या आहेत ना, हे स्वतः पाहा.

बोट जमिनीवर चढली की खरा आतला प्रवास सुरू. किनारा उकडत असतो तेव्हा मध्य मेक्सिकोचं पठार सुखद असतं. दुपारी पावसाची एक सर, संध्याकाळी थंड. ग्वानाहुआतो सुमारे 2000 मीटर उंचीवर आहे. वाहाका त्याहून खाली, तरी किनाऱ्यापेक्षा कितीतरी बरं. हिवाळ्यात ला क्रूझहून घाईने ग्वानाहुआतो उरकण्यापेक्षा जुलैमध्ये आठ-पंधरा दिवस तिथे राहा. वाहाकाला जुलैच्या उत्तरार्धात जाऊ शकलात तर गेलागेत्सा उत्सवाचे दोन सोमवार मिळतील, राज्याच्या सगळ्या भागांतले नाच एकाच टेकडीवर. राहायची जागा काही महिने आधी घ्यावी लागते. वाहाकासाठी बोट त्या राज्याच्या किनाऱ्यावरच्या वातुल्कोपर्यंत नेण्याचा तुमचा विचार मात्र सोडून द्या. तेवढं दक्षिणेला जाऊन पुन्हा वर येणं म्हणजे वाऱ्याविरुद्ध शेकडो मैल, आणि हे सगळं एका शहरासाठी. बोट तिथे नेण्यात अर्थ आहे तो पुढे तेवांतेपेकचं आखात ओलांडून मध्य अमेरिकेकडे जाणाऱ्यांना.

दूर जायचं तर पहिल्या वर्गाच्या बसने, दिवसा, आणि टोलच्या रस्त्याने. त्या बसगाड्या आपल्या कल्पनेपेक्षा फार चांगल्या असतात. मोठ्या शहरांतली बसस्थानकं गावाबाहेर असतात, तिथून टॅक्सीचं तिकीट खिडकीवरच काढा.

कॉपर कॅन्यन शेवटी ठेवलं, कारण त्याचा उत्तम महिना तुमच्या हंगामाच्या टोकाला बरोबर बसतो. पावसाळ्यानंतर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर, दऱ्या हिरव्या असतात, ओढ्यांना पाणी असतं. हिवाळ्यात रेल्वेमार्गावरच्या क्रील गावात बर्फ पडतं, मे-जूनमध्ये सगळं करपलेलं. बोट सान कार्लोसला असेल तर ग्वायमासहून लोस मोचिसची बस पाच-सहा तासांची. काहीजण बोट ला पाझच्या मरीनात ठेवून जवळच्या पिचिलिंगे बंदराहून फेरीने पलीकडे लोस मोचिसजवळच्या तोपोलोबाम्पोला उतरतात. बोटवाल्यांनी या रेल्वेचा इतिहास वाचावा असं मला मनापासून वाटतं. तोपोलोबाम्पो हे नैसर्गिक बंदर पाहूनच अल्बर्ट ओवेन या अमेरिकी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात ती कल्पना मांडली, अमेरिकेच्या मध्यावरून पॅसिफिकला पोचायचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणून. सिएरा माद्रे फोडून तो मार्ग पुरा व्हायला 1961 उजाडलं. लोस मोचिस ते चिवावा सुमारे 650 किलोमीटर, 86 बोगदे, 37 पूल. समुद्राजवळून निघून रूळ 2400 मीटरपर्यंत चढतात.

लोस मोचिस किंवा एल फुएर्तेहूनच चढा. उलट दिशेने आलं तर सर्वांत देखणा भाग अंधारात निघून जाऊ शकतो. एल फुएर्तेत एक रात्र, दिविसादेरोच्या कड्यावर निदान दोन, मग क्रील. एका दमात पार जाऊ नका. दरी रेल्वेतून दिसत नाही, उतरून कड्यावर चालावं लागतं. तिथल्या रारामुरी या आदिवासी बायका स्टेशनांवर पाइनच्या पात्यांच्या टोपल्या विकतात. त्या घ्या, घासाघीस करू नका, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. चिवावा राज्याचं घड्याळ सोनोरा, सिनालोआ आणि बाहा सुरच्या एक तास पुढे आहे, परतीची गाडी पकडताना हे लक्षात असू द्या. 2024 च्या सप्टेंबरपासून सिनालोआत टोळ्यांचा संघर्ष पेटलेला आहे. निघायच्या आठवड्यात परिस्थिती बघा, आणि ती वाईट असेल तर विमानाने चिवावा शहरात उतरून क्रीलला पूर्वेकडून जा. दरी तीच आहे.

कागदपत्रांचं थोडं. माणसांची आणि बोटीची मुदत वेगवेगळी असते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. तुम्हाला जास्तीत जास्त 180 दिवस मिळतात, किती द्यायचे ते अधिकारी ठरवतो, आणि ते आतल्या आत वाढवून मिळत नाहीत. बोटीचा तात्पुरत्या आयातीचा परवाना मात्र दहा वर्षं चालतो. म्हणजे बोट तिथेच ठेवून तुम्ही विमानाने कॅलिफोर्नियाला जाऊन येऊ शकता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिरलात तर एप्रिलच्या अखेरीला मुदत संपेल, तेव्हा ती फेरी लोरेतोहून आधीच आखून ठेवा. परवाना काढताना इंजिन आणि बोटीचा क्रमांक कागदांशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. बोट तुम्ही जुनी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने आपला परवाना रद्द केला आहे का, हे सॅन दिएगो सोडण्याआधी तपासा. तो शिल्लक असेल तर तुम्हाला नवा मिळत नाही आणि तो निस्तरायला आठवडे जातात.

ऑक्टोबरमध्ये दरी पाहून परतल्यावर बोट पुन्हा पाण्यात उतरवायला सगळ्यांचीच गर्दी होते. ट्रॅव्हल-लिफ्टची (बोट उचलून नेणाऱ्या चाकांच्या क्रेनची) तारीख जूनमध्ये बोट वर काढतानाच लेखी घेऊन ठेवा, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतरची. आणि तळाला रंग द्यायचा असेल तर आठवडाभर आधीच यार्डमध्ये हजर व्हा.